नंदूने धरून ठेवलेल्या सात खुर्च्या

सुलभावहिनी, इरा, आणि बिल्डिंगखालच्या या मोकळ्या जागेत, या व्हॉइड डेकवर जमलेल्या तुम्हा सगळ्यांनो,

मला बोलणं अवघड जातंय. रडू येतंय म्हणून नाही. राग येतोय म्हणून. मघाशी माईक देताना प्रसादने कानात सांगितलं, "मिलिंद, दोन शब्द चांगले बोल." चांगले शब्द तुम्ही संपवलेत. नंदू दिलदार झाला, अभ्यासू झाला, आमच्या ग्रुपचा प्राण झाला. जे उरलंय ते मी बोलतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये दरवर्षी कॉलेजची पोरं मोठ्या संघांत घेतात. प्रत्येक संघाने पाळीपाळीने एकेक निवडायचा, अशा सात फेऱ्या. आम्ही आठ पुण्या-मुंबईचे, सिंगापुरात नोकरीला आलेले इंजिनिअर. दरवर्षी एका रविवारी सकाळी पाया लेबारच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांपाशी, कोपी म्हणजे इथली कॉफी पीत हाच खेळ खेळायचो. प्रत्येकाचा आपला एक संघ, कागदावरचा. पहिल्या फेरीची नावं कुणीही सांगेल, टीव्हीवर तीच असतात. सहावी-सातवी फेरी आली की आम्ही जांभया द्यायचो. बोट पडेल तो पोरगा घ्यायचो.

नंदू नाही. नंदू त्या फेऱ्यांसाठीच यायचा. कुठल्या तरी आडगावच्या कॉलेजातला, कुणी न पाहिलेला पोरगा. त्याचे सामने हा वर्षभर बघायचा. एका निवडीला दोन मिनिटं, हा आपला नियम. नंदू पूर्ण दोन मिनिटं घ्यायचा. वहीत बघायचा, चष्मा काढायचा, परत वहीत बघायचा. आम्ही ओरडायचो, "अरे, सातव्या फेरीतला आहे तो! जावई नाही करायचाय!" तो म्हणायचा, "म्हणूनच नीट बघतोय. याला दुसरं कुणी बघणार नाहीये."

हसायचो ना आपण, प्रसाद? तुला आणि मला नोकरीवर घेतानाही त्याने असंच नीट बघितलं होतं. रॅफल्स प्लेसच्या त्या ऑफिसात आपले अर्ज बाजूला टाकलेल्या गठ्ठ्यात होते. तुझा आणि माझा एम्प्लॉयमेंट पास, इथे काम करायचा परवाना, त्या गठ्ठ्यातून निघालाय. मघाच्या भाषणात हे तू बोलला नाहीस.

आता खरं ते ऐका. या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर एक नवा ग्रुप निघाला. नंदू सोडून सात जणांचा. ठरलं काय? नंदू फार वेळ खातो, तेव्हा त्याच्याशिवाय शनिवारीच खेळून घ्यायचं, प्रसादच्या कॉन्डोत. शेवटच्या फेऱ्या कॉम्प्युटर निवडेल. नंदूचा अख्खा संघही कॉम्प्युटरच निवडेल. प्रसादने लिहिलं, "नंदूला मी सांगतो." आम्ही सगळ्यांनी अंगठे टाकले. हो, मी पण टाकला. प्रसादने सांगितलं नाही. आणि आम्ही सहा जणांनी, सांगितलंस का, म्हणून विचारलं नाही.

रविवारी सकाळी नंदू पाया लेबारला गेला. तिथली गर्दी तुम्हाला माहीत आहे. आपल्याला जागा मिळावी म्हणून त्याने सात खुर्च्यांवर टिश्यूची सात पाकिटं ठेवली. कोपीवाल्या आंटीने परवा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत मला सांगितलं, "युअर फ्रेंड वेट व्हेरी लाँग लाह. आय आस्क, पीपल कमिंग ऑर नॉट? ही से कमिंग, कमिंग." हातात ट्रे घेतलेली माणसं चिडत होती, आणि हा बाबा हात जोडून सांगत होता, माझे मित्र येतायत. त्याने आपल्याला फोन केले. सातही जणांना केले. कुणी उचलला? एकाने तरी?

सोमवारी ऑफिसात त्याने मला विचारलं, "काल काही निघालं का रे?" मी म्हटलं, "हो, मुलीची परीक्षा होती." रविवारी परीक्षा! त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "मग ठीक. तुमच्या निवडी मी लिहून ठेवल्यात." पुन्हा तो विषय त्याने काढला नाही. आणि गेल्या मंगळवारी, बसल्या जागी, तो गेला.

वहिनी, मी गप्प बसणार होतो. पण मघाशी तुम्ही आमचे आभार मानलेत. म्हणालात, "शेवटच्या खेळाला तुम्ही सगळे होतात. घरी येऊन सांगत होते, खूप मजा आली. तेवढं तरी सुख मिळालं त्यांना." आणि आम्ही माना डोलावल्या. सातही जणांनी. वहिनी, आम्ही नव्हतो तिथे. कुणीच नव्हतं. तो तुमच्याशी खोटं बोलला, आमची लाज राखायला. ते आभार परत घ्या. ते आमचे नाहीत.

प्रसाद, खाली बस. माईक मिळणार नाही.

आणि नंदू, तुझाही राग आहे मला. घरी जाऊन शिव्या घालायच्या होत्यास आम्हाला! मजा आली म्हणे!

काल इराने, त्याच्या लेकीने, त्याची वही माझ्या हातात दिली. "अंकल, आय कान्ट रीड हिज मराठी लाह." मी वाचली. शेवटच्या फेऱ्या पूर्ण भरलेल्या आहेत. आठही संघांच्या. रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून त्याने आपल्या सातांसाठीही निवड केली होती. माझ्या नावापुढे एक पोरगा आहे, तुम्ही कुणी त्याचं नाव ऐकलेलं नाही. शेजारी नंदूचं बारीक अक्षर: "गुडघा कच्चा. वेग बेताचा. पण बोलावलं की येतो. मिल्याला असाच हवा." पुढची पानं मला वाचता आली नाहीत.

पुढच्या रांगेतली ही खुर्ची मी धरून ठेवलीय. तिच्यावर टिश्यूचं पाकीट आहे, त्याच्याच बॅगेतलं. कुणी बसू नका. सगळे उभे राहा. याला श्रद्धांजली म्हणू नका, तो शब्द आपल्या तोंडी शोभत नाही. नियमाप्रमाणे दोन मिनिटं. पूर्ण दोन. कुणी घड्याळ बघायचं नाही, कुणी घाई करायची नाही.

पाळी नंदूची आहे.