दीड फुटाची भिंत

सत्तावीस डिसेंबर, मंगळवार. पहाटे धुकं, नंतर ऊन पण नुसतं दिसायला, थंडी कडक, वारा उत्तरेचा, सातपुड्याकडून... आणि त्या वाऱ्याचंच तर म्हणतोय मी, तुम्हाला सांगतो, तो वारा त्या महिन्यात सरळ माझ्या भावाच्या डोक्यावर यायचा, दवाखान्यात, खिडक्या बंद असलेल्या खोलीत, भिंतीतून. भिंतीतून वारा येतो का कधी? येतो. दोन सरकारांनी मिळून काम केलं की येतो.

गावाचं नाव सांगत नाही, मला तिथेच राहायचंय. अमळनेरहून धुळ्याकडे जाताना लागतं, एवढं पुरे. मी प्रेमराज. शिलाई मशीन दुरुस्त करतो आणि रोजची हवा लिहून ठेवतो, दुसरी वाईट सवय नाही. झुलालभाऊ माझे थोरले. त्यांचा जन्म गेला जिनिंगमध्ये, कापसातून सरकी वेगळी करायच्या मशिनांपाशी, त्यामुळे छातीत अर्धा क्विंटल कापूस तसाही असेल, आणि त्यावर ती कोरोनाची दुसरी लाट आली. वाचले. पण फुप्फुस लाकडासारखं झालं, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून थंडी पडली, की भाऊ पालिकेच्या दवाखान्यात, नाकाला नळी, आणि सिलिंडर धुळ्याहून गाडीने येणार. गाडी आली तर भाऊ आहेत. इतका साधा हिशेब.

आता तुम्ही म्हणाल, दवाखान्याला मशीन आलं होतं ना? आलं होतं. लाट ओसरल्यावर केंद्राने दिलं. हवेतूनच ऑक्सिजन काढणारं, मोठं, निळं, दवाखान्याच्या मागच्या अंगणात बसवलेलं. पुन्हा तसली वेळ येऊ नये, कोणी गाडीची वाट बघत मरू नये, म्हणून दिलं, आणि मनापासून दिलं, मी त्यात खोट काढत नाही. पालिकेनेही मनापासून आत वॉर्डात प्रत्येक खाटेपाशी नळ बसवले. चकचकीत पितळी नळ. मशीन बाहेर तयार, नळ आत तयार, आणि मध्ये भिंत. जुनी, काळ्या दगडाची, दीड फुटाची.

कंपनीचे इंजिनिअर होते योगेंद्रसाहेब, केंद्राचं काम त्यांच्या कंपनीकडे. फार सभ्य माणूस. मी विचारलं, साहेब, एवढं झालंय तर भिंतीत भोक पाडून नळी जोडून टाका ना. तर म्हणाले, "काका, आमचं काम भिंतीच्या बाह्य पृष्ठभागापर्यंत." पालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे गेलो. ते म्हणाले, "प्रेमराजभाऊ, आमचं काम अंतर्गत पृष्ठभागापासून." म्हटलं, आणि मधलं? तर दोघांचंही एकच उत्तर, जणू एकाच शाळेत शिकलेले. बाहेरची बाजू त्यांची, आतली बाजू आपली.

एक अख्खा उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा भिंतीने खाल्ला. मशिनावर ताडपत्री घातली होती, लग्नाआधी हळद लागलेल्या नवऱ्याला घरात ठेवतात तसं झाकून. त्याआधीच्या थंडीत भाऊंना खाट मिळाली होती भिंतीलगतची, का, तर पहिला नळ तिथलाच, म्हणजे भाऊ लाभार्थी क्रमांक एक. भाऊ खिडकीतून ते मशीन बघत बसायचे आणि मला म्हणायचे, "मशीन चांगलं शे, प्रेमराज. अजिबात आवाज नही करस."

मग संयुक्त बैठक झाली. दिल्लीच्या एक मॅडम पडद्यावर, जिल्ह्याचे अधिकारी दुसऱ्या पडद्यावर, आमचे मुख्याधिकारी प्रत्यक्ष, आणि ठरलं काय? की भांडायचं नाही. समन्वयाने करायचं. भोक दोघांनी पाडायचं. बाहेरून त्यांनी अर्ध्या भिंतीपर्यंत, आतून आपण अर्ध्या भिंतीपर्यंत. टाळ्या वाजल्या म्हणे.

बाहेरून कंपनीच्या माणसांनी ड्रिल लावलं, आतून आमच्या गनीमिस्त्रींनी. गनीभाई म्हणजे गावातले सगळे नळ त्यांच्या हातचे, हात सोन्याचा. पण बाहेरच्यांनी मोजलं जमिनीपासून, आणि गनीभाईंनी मोजलं फरशीपासून, आणि दवाखान्याची फरशी अंगणापेक्षा उंच, हे त्या दिवशी कोणाच्याच डोक्यात आलं नाही. दोन्ही भोकं भिंतीच्या पोटात भेटली तर खरी, पण खांद्याला खांदा लागावा तशी, समोरासमोर नाही. एक वर, एक खाली. बाहेरून डोळा लावला तर आतला उजेड दिसेना. गनीभाई म्हणाले, "पुन्हा पाडतो, सरळ होईल." मुख्याधिकारी म्हणाले, "मंजूर भोक एकच आहे."

उजेड येत नव्हता, वारा मात्र बरोब्बर वाट काढून यायचा. डिसेंबर लागला, भाऊ भरती झाले, आणि तो वारा भोकातून शीळ घालत भाऊंच्या टाळूवर. पुष्पावहिनी, म्हणजे भाऊंच्या मंडळी, दिवसभर खाटेपाशी बसलेल्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, हाऊ वारा कोना शे? केंद्रना का पालिकाना?"

मी म्हटलं, वहिनी, निघाला बाहेरून, म्हणजे त्यांचा. पण लागतो आत, म्हणजे आपला.

वहिनींनी भोकापुढे हात धरून बघितला. दुसऱ्या दिवशी येताना घरून कापूस घेऊन आल्या, पदराखाली, आणि लाटणं. आमच्याकडे कुठलंही भोक बुजवायला कापूसच, तुम्हाला ठाऊक आहे. दाराची फट, उंदराचं बीळ, औषधाच्या बाटलीचं तोंड, आणि शेवटी... जाऊ द्या. वहिनींनी बोळे केले आणि लाटण्याने असे ठासले, असे ठासले, की कापूस त्या वाकड्या वळणात जाऊन घट्ट बसला. शीळ थांबली. लाटणं पदराला पुसत म्हणाल्या, "भिंतना नाकमा कापूस घाली दिधा. आते वारा बंद."

मला ते बोलणं आवडलं नाही. नाकात कापूस कोणाच्या घालतात? पण भाऊ त्या दुपारी शांत झोपले.

आणि मग तो हुकूम आला. परदेशात पुन्हा साथ वाढतेय, देशभर सगळ्या दवाखान्यांनी तयारी करून दाखवायची, सत्तावीस तारखेला, दिल्लीहून पडद्यावर बघणार. झाली ना धावपळ. योगेंद्रसाहेबांची माणसं आली, बाहेरून तांब्याची नळी भोकात सारली. ती मधल्या पायरीला जाऊन अडली. आत कापूस दिसला. साहेब म्हणाले, "पालिकेने आतून पॅकिंग केलेलं दिसतंय, त्यांच्या डिझाइनमध्ये असेल, आपण हात लावायचा नाही." आतून गनीभाईंनी नळी सारली. तीही अडली. त्यांनाही कापूस दिसला. गनीभाई म्हणाले, "कंपनीवालों का इन्सुलेशन होगा, महागातलं असतं, काढलं तर बोलतील."

बघा तुम्ही. एकमेकांच्या कामाबद्दल इतका आदर मी या गावात कधी पाहिला नव्हता.

वहिनी तेव्हा घरी भाकरी करायला गेलेल्या, मी दुकानात. संध्याकाळी गेलो, तर दोन्हीकडून सिमेंट लावलेलं. गनीभाईंना म्हटलं, आतला कापूस काढला ना? ते म्हणाले, "कौनसा कापूस? वो तो उनका है." तसाच योगेंद्रसाहेबांकडे गेलो. म्हटलं, साहेब, आत आमच्या वहिनींचा कापूस आहे. साहेब हसले. म्हणाले, "काका, आमची बाजू चेक झाली. ओके आहे." मुख्याधिकाऱ्यांना सांगितलं. म्हणाले, "आमचीही झाली. ओके आहे." म्हटलं, अहो पण मधली? तर तेच. बाहेरची बाजू त्यांची, आतली बाजू आपली, आणि उद्या कार्यक्रम आहे, प्रेमराजभाऊ, अपशकुनासारखं बोलू नका.

मंगळवार उजाडला. हवा सांगितलीच. पूजासुद्धा दोन. बाहेर मशिनाची कंपनीने केली, आत नळाची पालिकेने. बाहेर वाऱ्याने निरांजन टिकेना, पण आत छान टिकलं. नारळ फोडला, केळात अगरबत्त्या खोचल्या, आणि ते केळ ठेवलं कुठे? भिंतीला नळीखाली एक कोनाडा होता, तिथे. हेमांगी सिस्टर म्हणाल्या, "सर, ऑक्सिजनजवळ अगरबत्ती चालत नाही." मुख्याधिकारी म्हणाले, "सिस्टर, अजून ऑक्सिजन आलाय कुठे? आला की काढू."

यात चूक काढून दाखवा. तेव्हा मलाही काढता आली नाही.

मग फोटोवाला म्हणाला, सिलिंडर फ्रेममध्ये येतंय. नवं मशीन आणि बाजूला जुनं सिलिंडर, बरं दिसत नाही. तर सिलिंडर लोटलं व्हरांड्यात. भाऊंची नळी सिलिंडरची काढून पितळी नळाला लावली. वहिनींनी पदर तोंडाशी धरला. पडद्यावर दिल्लीच्या मॅडम, मागे त्यांचे लोक. योगेंद्रसाहेब अंगणातून फोनवर ओरडले, "चालू करतोय."

आणि मशिनाला आवाज आला. पहिल्यांदा. घुर्र... आख्खी भिंत थरथरली. बाहेरचा काटा चढला, तो मोबाईलवर मॅडमना दाखवला. मॅडम म्हणाल्या, "बहुत बढ़िया. प्रेशर आ गया. नेक्स्ट." आणि पडद्यावर दुसरा कुठलातरी दवाखाना आला.

आत नळाला काही नाही. गनीभाईंनी नळ फिरवला, पूर्ण फिरवला, कान लावला, काही नाही. फोनवर सांगितलं, "साहब, इधर हवा नहीं है." तिकडून, "इकडे आहे, काटा फुल आहे, तुमच्या बाजूला बघा." "हमारी बाजू ठीक है, तुम्हारी देखो." "आमची ओके आहे." आणि भाऊ... भाऊंचा खांदा वर-खाली व्हायला लागला, मी बघत होतो, ओठ जांभळे, मग नखं. हेमांगी सिस्टर सिलिंडरकडे धावल्या, तर दारात पाहुण्यांच्या खुर्च्या. वहिनी उठल्या. कमरेला पदर खोचला आणि मुख्याधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या.

"मना माणूस कोनी बाजूले शे, ते सांगा पहिले."

बाहेरची बाजू त्यांची, आतली बाजू आपली, आणि खाट? ती कोणीच धरली नव्हती.

वहिनींनी खुर्च्या बाजूला सारल्या, सिलिंडर ओढत आणलं, सिस्टरने भाऊंच्या नाकाला जुनी नळी लावली. खांदा हळूहळू खाली आला. आणि तेव्हा माझं लक्ष कोनाड्याकडे गेलं. अगरबत्त्या... तुम्हाला सांगतो, अगरबत्तीचं टोक लाल असतं ना? ती पांढरी झाली होती. फुलबाजीसारखी तडतडत होती. कोणीतरी म्हणालं, "वा, शुभ आहे."

ऑक्सिजन आला होता. नळातून नाही. नळीच्या कडेने, सिमेंटच्या भेगेतून, कोनाड्यात उतरत होता, कापसातून गाळून. आणि वास आला. आमच्या गावात तो वास ओळखायला शिकावं लागत नाही, जिनिंगच्या गावात लहानपणीच कळतो. कापूस जळतोय. भिंतीत.

मग भिंतीने श्वास सोडला. एकच. हातभर ज्वाळा, पांढरी, सरळ, नळीच्या भोवतीने, जिथे मघाशी भाऊंचं डोकं होतं तिथवर. मघाशी म्हणतोय मी. वहिनी नि सिस्टर दोघींनी खाट तोवर दाराकडे ओढलेली होती, सिलिंडरला जागा करायला. मी पायाकडून ढकलली, सिस्टरने सिलिंडर धरलं, आणि आम्ही सगळे व्हरांड्यात. आतून कोणी ओरडलं, मशीन बंद करा. मुख्याधिकारी म्हणाले, "मशीन बाहेरच्या बाजूला आहे." योगेंद्रसाहेब फोनवर म्हणत होते, "आग आत आहे ना?" गनीभाई कोणाचं न ऐकता अंगणात पळाले आणि बटण दाबलं. आवाज थांबला. ज्वाळाही गेली. भिंत मात्र संध्याकाळपर्यंत धुमसत राहिली, दगडाच्या सांध्यांतून बारीक धूर, जणू आत कोणी बसून बिडी ओढतंय.

भाऊंना रुग्णवाहिकेत घातलं. दार लावताना त्यांनी नाकावरची नळी जराशी सरकवली आणि मला विचारलं, "पूजा व्हई गयी का?"

म्हटलं, झाली भाऊ. दोन्ही झाल्या.

पुढचं विचाराल तर, गनीभाईंना कंपनीचं पत्र आलं, बाहेरच्या बाजूच्या बटणाला हात का लावला म्हणून. मशिनावर पुन्हा ताडपत्री आली. दिल्लीच्या यादीत आमचा दवाखाना सज्ज आहे, कारण काटा चढलेला त्यांनी पाहिला होता. भाऊ धुळ्याला आहेत, सिलिंडरवर. संयुक्त बैठकीत ठरल्याप्रमाणे भोक बुजवलं. बाहेरून कंपनीने, आतून पालिकेने. मध्ये पोकळ आहे.