डाव्या कानातला अंत्या

माझं नाव बोनाव्हेंचर, पण त्या नावाने फक्त इमिग्रेशनवाले हाक मारतात, बाकी सगळ्यांना मी बोनी. गाव वसईचं, पश्चिमेला, केळीच्या बागांमध्ये. घरामागे बावखल होतं, म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं, लहानपणी आम्ही त्यात बुडी मारून श्वास धरून बसायचो आणि पाण्याच्या आतून वरच्या जगाचा आवाज ऐकायचो, कुणाची आई हाका मारतेय, कुणाचा रहाट चाललाय, सगळं जाड जाड, लांबून आल्यासारखं. वडील लग्नाच्या ब्रास बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचे, म्हणून मीपण काठ्या हातात घेतल्या, दुसरं काही सुचलंच नाही. आता मी दुबईत, देराला राहतो, एका हॉटेलात साउंड बघतो. लग्न, कॉन्फरन्स, कंपनीची वार्षिक पार्टी, कुणाचा माइक शिट्टी मारतो, कुणाचं लॅपटॉप लागत नाही, यल्ला बोनी, यल्ला हबीबी, म्हणजे चल आटप बाबा, असं दिवसभर. चोवीस वर्षं झाली. पण तुम्ही अंत्याचं विचारायला आलात ना, ताई, सगळे त्याचंच विचारतात.

अंत्या म्हणजे अंतोन. आमच्याच वाडीतला, माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठा, शाळेत एका बाकावर. मी, अंत्या आणि ग्लेन, ग्लेन गाणारा आणि गिटारवाला, असा आमचा तिघांचा बँड होता, नाव खरूज. हसा तुम्ही, हसायलाच ठेवलं होतं. पंक म्हणजे काय, तीन कॉर्ड, जोरात ड्रम, आणि अर्धं इंग्लिश अर्धं मराठी ओरडणं. माझे वडील एकदा ऐकायला आले आणि बोलले, हे म्युझिक नाही, हे पाण्याच्या नळावरचं भांडण आहे. अंत्याने बेस घेतला, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, कारण त्याला चारच तारा असतात, तो बोलायचा सहा मला जास्त होतात. बोटीवरून रिटायर झालेल्या एका म्हाताऱ्या म्युझिशियनने त्याला तो जुना बेस दिला होता, शिकवलं मात्र कुणी नाही. सुरांची नावंसुद्धा त्याला येत नव्हती, तो पट्टीवर पांढऱ्या पेंटचे ठिपके मारायचा आणि ठिपक्यांवरून वाजवायचा.

आणि बदनाम तर इतका की काय सांगू तुम्हाला. एका शोमध्ये त्याने पुढच्या रांगेवर मासळीच्या टोपलीचं पाणी ओतलं. एकदा माइकचा स्टँड घेऊन स्टेजवरून उतरला तो थेट रस्त्यावर गेला आणि रिक्षात बसून घरी. एका कॉलेजात प्रिन्सिपल भाषण करत असताना तो त्यांच्या मागे उभं राहून जेवत होता. लोक गाण्यासाठी नाही, अंत्या आज काय करतो ते बघायला यायचे. आणि सगळे बोलायचे की त्याला वाजवता येत नाही. हे कुणी सुरू केलं? मी आणि ग्लेनने. मी सरळ सांगतो, आमचा हेवा होता. तीन जणांचा बँड आणि बघायचे सगळे एकालाच, मग आम्ही आपले सांगत फिरायचो, अरे तो नुसता शोभेला आहे, म्युझिक आम्ही दोघं सांभाळतो.

मग ते वायरचं झालं. मोठा कॉलेज फेस्टिवल, खचाखच गर्दी, आणि ग्लेनने आणि मी आधीच ठरवलं होतं. दुसऱ्या गाण्याच्या आधी मी ड्रमच्या मागून हात लांब केला आणि त्याच्या अँपची वायर काढली. अंत्या मान खाली घालून वाजवायचा, गर्दीच्या आवाजात त्याला कळलंच नाही. अख्खं गाणं तो वाजवत होता, ताई, घामाने चिंब, आणि आवाज शून्य. गाणं संपल्यावर ग्लेन माइकवर बोलला, फ्रेंड्स, अंतोनची वायर काढलेली आहे, तुम्हाला काही फरक पडला का? सगळं ग्राउंड हसलं. अंत्याने वायरकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ग्लेनकडे नाही, माझ्याकडे. मग बेस मानेला धरून त्याने स्टेजवर आपटला, एकदा, दोनदा, तार सुटून भुवईला लागली, रक्त आलं, आणि लोक टाळ्या वाजवतायत, त्यांना वाटलं हा शोचा भाग आहे. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. तो फोटो अजून फिरतो. रक्ताने भरलेला अंत्या, आणि मागे धूसर मी, हसतोय.

बँड तिथे खलास. ग्लेन कॅनडाला गेला, तो गेलाच. मी पाच-सहा वर्षांनी इथे आलो. चारेक वर्षांनी कळलं की अंत्यापण आलाय, रुवैसला, रिफायनरीत रिगर म्हणून. क्रेनने जड सामान उचलतात ना, ते बांधून देणारा, खाली उभं राहून हाताने खुणा करणारा. एकाच देशात, एका रस्त्यावर, चार-पाच तासांचं अंतर, आणि वीस वर्षं आम्ही भेटलो नाही. ईदच्या सुट्टीत कुणी कुणी गावचे भेटायचे, सांगायचे, अंत्या दिसला होता, बरा आहे. मी विचारायचो, माझं काही विचारलं? नाही बोलायचे.

गेल्या वर्षी कुणीतरी आमची जुनी कॅसेट इंटरनेटवर टाकली आणि अचानक लोकांना खरूज आठवायला लागली. पुण्याच्या एका गृहस्थाने फोन केला, पॉडकास्ट करतो बोलला, जुन्या बँडवर. मी बोललो तासभर. वायरची गोष्टपण सांगितली, अगदी रंगवून, मला सवयच होती, प्रत्येक पार्टीत सांगून सांगून ती गोष्ट गुळगुळीत झाली होती. तेवढाच तुकडा लोकांनी फिरवला. खाली लिहायचे, जगातला सर्वांत वाईट बेसवाला. हसणारी तोंडं टाकायचे. मी पण वाचून हसलो, खोटं कशाला बोलू.

मग एक दिवस मेसेज आला. रेनाटा म्हणून, अंतोनची मुलगी, वसईला कॉलेजात आहे. इंग्लिशमध्ये लिहिलं होतं, एवढंच, की अंकल, तुम्ही सांगितलं ते खरं आहे का, माझ्या पप्पांना अजिबात वाजवता येत नव्हतं का. हसणं नाही, रागावणं नाही. उत्तर लिहायच्या आधी मी कपाटातून जुनी फाइल काढली.

आमच्या रेकॉर्डिंगची मूळ टेप माझ्याकडे होती, शाळेच्या सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये, इतकी वर्षं प्रत्येक घर बदलताना सोबत आलेली. ती आम्ही ग्लेनच्या मामाच्या गोडाऊनमध्ये केली होती, चार ट्रॅकच्या छोट्या मशीनवर. ते मशीन साध्याच कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे घ्यायचं, आणि टेप दुप्पट वेगाने पळवायचं. तीच टेप साध्या प्लेअरमध्ये टाकली तर पहिले दोनच आवाज ऐकू येतात, एक डाव्या कानात, एक उजव्या, आणि तेही अर्ध्या वेगाने. आमचा पहिला आवाज बेस, दुसरा ड्रम. म्हणजे डाव्या कानात अंत्या, उजव्या कानात मी. विकायच्या कॅसेटसाठी मिक्स करताना बेस आम्ही इतका खाली ओढला होता की तो असून नसल्यासारखा, त्यामुळे अंत्याला एकट्याला असा कधी कुणी ऐकलाच नव्हता. मीसुद्धा नाही.

हॉटेलच्या स्टोअरमध्ये कराओकेच्या काळातला एक कॅसेट डेक पडून आहे. दुपारची वेळ, बँक्वेट रिकामा, एसीचा एक सूर लागलेला. मी खुर्च्यांच्या थप्पीवर बसलो, हेडफोन लावला, आणि सुरू केलं.

काय सांगू तुम्हाला. मला वाटलं मी परत बावखलात बुडी मारलीय. सगळं हळू, जाड, पाण्याखालचं. डावीकडून तो येतोय, एक एक सूर, मोठा, गोल, जसा बुडबुडा तळातून वर येतो तसा. ज्याला आम्ही आरडाओरडा समजत होतो तो असा चालत होता, सावकाश, कुठे घाई नाही. मी डोळे मिटले. किती वेळ गेला माहीत नाही.

मग उजवीकडचं ऐकलं, माझं. ताई, मी पळत होतो. दुसरं कडवं आलं की मी सुटायचो, प्रत्येक गाण्यात. आणि मी सुटलो की डाव्या कानात तो काय करतो, तो सूर कमी करतो, एकच लांब सूर धरून उभा राहतो, मला ठेक्यावर परत येऊ देतो, आणि मी आलो की परत सोबत चालायला लागतो. बापाने पळणाऱ्या पोराचं बोट ओढू नये, नुसतं धरून ठेवावं, तसं. आमच्या एका गाण्यात मध्येच ड्रम बंद होतात, नुसती गिटार राहते, आणि कॅसेट निघाल्यापासून लोक बोलतात, बोनीने काय ब्रेक घेतलाय. तो ब्रेक नव्हता, माझी काठी पडली होती. मी विसरून गेलो होतो की काठी पडली होती! उजव्या कानात काठी पडल्याचा आवाज आहे, मग शांतता, आणि डाव्या कानात अंत्या एकटा माझ्या पायाने वाजणाऱ्या ढोलाचा ठेका बेसवर देतोय, धम, धम, धम, धम, मी काठी उचलेपर्यंत.

मी मुद्दाम कॉम्प्युटरवर वेग सरळ करून परत ऐकलं, म्हणजे मी स्वतःला फसवत नाहीये ना. नव्हतो फसवत. आता तो फार मोठा वादक होता असं मी बोलणार नाही. तिसऱ्या गाण्यात तो भलत्याच सुरात आहे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, ठिपका चुकला असणार. बोटं जड आहेत, तारा खडखडतात. पण कान होता, आमच्या तिघांत एकट्याला कान होता, आणि त्याचीच वायर मी काढली.

फिलोला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. तिने भांडी पुसता पुसता ऐकलं आणि बोलली, मुलीला नंतर लिही, आधी बापाकडे जा.

रविवारची सुट्टी काढली. जानेवारी होता, पहाटेचं धुकं, अबुधाबीपर्यंत एक बस आणि तिथून रुवैसची दुसरी. मुसफ्फाच्या वर्कशॉपा गेल्या आणि मग काहीच दिसेना, वाळू, समुद्र, आकाश, तिन्हींचा एकच रंग, दुधात राख टाकल्यासारखा. बस चालतेय की उभी आहे तेपण कळेना. मी खिडकीला डोकं टेकून, फोनवर उतरवून घेतलेलं तेच अर्ध्या वेगाचं ऐकत होतो. एका ठिकाणी धुक्यात वर नारिंगी ज्योत दिसली, चिमणी नाही, खांब नाही, नुसती ज्योत हवेत, आणि शेजारचा मल्याळी माणूस बोलला, आ गया रुवैस.

अंत्या चर्चच्या बाहेर उभा होता, मिसा संपली होती. मी फोन केला होता तेव्हा तो एवढंच बोलला होता, ये. इस्त्रीचा शर्ट, केस पांढरे, भुवईवर ती खूण. बोलला, बोन्या, जाड झालास. आम्ही कडक चहा घेऊन समुद्राच्या कठड्यावर बसलो. त्याने क्रेनचं सांगितलं, चाळीस टनाचं धूड माझ्या एका बोटावर वर जातं बोलला, आणि बोट मिटलं की थांबतं. मी ऐकत होतो, तोंडात शब्द फिरत होते. शेवटी सगळं एका दमात सांगून टाकलं, टेप, डावा कान, उजवा कान, पडलेली काठी, रेनाटाचा मेसेज.

तो बोलला, मला माहीत होतं रे. दुसऱ्या कडव्याला तू पळायचास. मी तुझ्या पायाकडे बघूनच वाजवायचो.

मी बोललो, मग सांगितलं का नाहीस?

सांगितलं असतं तर तू घाबरून वाजवलं असतंस. पंक घाबरून कसं वाजवणार?

मी बोललो, आणि वायर?

धुकं विरत होतं, एक छोटी होडी दिसायला लागली होती. मग तो बोलला, वायरचं मला आवडलं नाही, बोन्या. ग्लेनने काढली असती तर चाललं असतं. तू काढलीस ते आवडलं नाही.

मी सॉरी बोललो. तीस वर्षांत पहिल्यांदा. त्याने मान हलवली, माफ केलं असं नाही बोलला, आणि मीपण मागितलं नाही पुढे. थोड्या वेळाने स्वतःच बोलला, दे, बघू काय वाजवलंय. मी डावा इअरफोन त्याला दिला. तो हळू वेगाचंच ऐकत राहिला, डोळे मिटून. मला वाटलं रडतोय, बघतो तर झोपलेला. आठवडाभर डबल शिफ्ट केली होती त्याने. कठड्याला पाठ, तोंड थोडं उघडं, चहाचा कप मांडीवर. मी कप काढून बाजूला ठेवला आणि वायर ओढली जाऊ नये म्हणून अंग न हलवता बसून राहिलो, टेपची एक बाजू संपेपर्यंत.

नंतर मी पुण्याच्या त्या गृहस्थांना फोन करून सगळं परत सांगितलं, माझी काठी पडली ते पण, आणि नुसता बेसचा ट्रॅक पाठवला, म्हटलं हा लावा. त्यांनी लावला. पहिल्याइतका नाही चालला, खरी गोष्ट कुठे तितकी चालते. कुणी लिहिलं, अरे हा तर बरा होता. कुणी लिहिलं, अजून बेकारच आहे. रेनाटाने लिहिलं, ममाला ऐकवलं, ती बोलली, हा माणूस इतका शांत होता?

आता आम्ही रविवारी फोनवर बोलतो, फार नाही, पाच मिनिटं. प्लांटच्या आवाजाने त्याचा एक कान जायला आलाय, कंपनी अजून एक वर्ष ठेवते का बघायचं, इन्शाल्ला. मलापण आता जिने चढवत नाहीत. आत्ता तुमच्याशी बोलतोय तेव्हा तो तिकडे क्रेनखाली उभा असेल, हेल्मेट घालून, वर बघत. वारा सुटला की मला भीती वाटते. देव त्याच्या डोक्यावरचं ओझं सावकाश खाली उतरवो, ताई, आणि तुमच्या-माझ्या डोक्यावरचंही.