बुटाच्या खोक्यातले कांदे

रुचिता : आत्ती, जिन्याखाली बुटाचं खोकं होतं माझं. तुम्ही कुठं हलवलं का?

अक्काताई : कितींदा वाकून बघणार हाईस? सगळं धुऊन-पुसून काढलंय मी. उद्या मुनी महाराजांचा आहार हाय आपल्या घरात, सोवळ्यानं सैपाकाचा चौका लावायचाय, आणि सूनबाईला बुटं सुचालीत!

रुचिता : बूट नाहीत त्यात. सकाळी मी शाळेला गेले तेव्हा तिथंच होतं.

अक्काताई : बुटं न्हाईत ते बघितलंय मी. काय हुतं तेबी बघितलंय. आता तो इषय काढू नकोस. उद्या माणसं यायचीत घरात.

रुचिता : काय बघितलंत?

अक्काताई : माझ्या तोंडानं नाव घ्यायला लावतीस व्हय?

रुचिता : घ्या की.

अक्काताई : कांदं! पाच कांदं! पेपरात गुंडाळून, खोक्यात घालून, वर जुन्या चपला. मी सून म्हणून ह्या घरात आलो तवापासनं कांदा, लसूण, बटाटा, काय उंबऱ्याच्या आत आलं न्हाय. आणि माझी सून जिन्याखाली कांद्याची अढी घालती!

रुचिता : आत्ती... अहो, थांबा. मला हसू आवरेना झालंय.

अक्काताई : हस बाई, हस. मला सकाळधरनं घास गेला न्हाय.

रुचिता : ते कांदे नाहीत ओ. लिलीचे कंद आहेत. गच्चीवरच्या डब्यात मे महिन्यात लाल चेंडूएवढं फूल येतं बघा, तीच लिली. गेल्या साली तुम्हीच विचारलंत, देवापुढं ठेवू का म्हणून.

अक्काताई : फूल वर असतंय. खाली काय बसलंय ते मला काय म्हाईत? मला तर सालपट दिसलं. लाल. गोल गड्डा, बूड चपटं.

रुचिता : तुम्ही जन्मात कधी कांदा हातात धरलाय?

अक्काताई : बाजारात लांबनं बघितलाय. हातात कशाला धरू? चिमट्यानं उचललं एकेक.

रुचिता : चिमट्यानं! बरं, ऐका. ते माझ्या अप्पांचे कंद आहेत. वारणानगरला कॉलनीत त्यांनी तेलाच्या डब्यांतनं लावलेले. अप्पा गेल्यावर भावानं घराला रंग दिला, तेव्हा डबे उपडे केले सगळे. त्यातले हे पाच मी पदरात घालून आणलेत. इथला डबा गंजून फुटला म्हणून थंडीत काढून वाळवून ठेवले होते. ह्या रविवारी नव्या डब्यात घालणार. द्या आता. घंटागाडीत नाही ना टाकले?

अक्काताई : घंटागाडीत? मला काय समजलीस? कंद म्हंजे जिवांचं गाठोडं. कचऱ्यात कुजवायचं पाप कोण घेणार? बायडाबाईला दिलं.

रुचिता : कुणाला?

अक्काताई : बायडाबाईला. सकाळी भांडी घासून निघाली हुती. पेठ वडगावचं पावणं येणार म्हणाली आज, भाऊ-भावजय, त्यांची पोरं. म्हटलं, घिऊन जा बाई, सांजच्याला पिठल्यात घाल. घरातनंबी गेलं आणि वायाबी गेलं न्हाय. ...अशी का बघालीस?

रुचिता : पिठल्यात घाल म्हणालात.

अक्काताई : मग लोक कशात घालत्यात?

रुचिता : आत्ती, तो कंद विषारी असतो.

अक्काताई : उगं कायतरी बोलू नकोस.

रुचिता : विषारी! अप्पा आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत त्याला. स्वतः लावला की साबणानं दोनदा हात धुवायचे. शेजारच्यांच्या रेडकानं एकदा डब्यातला गड्डा उपसून चघळला होता. फोन कुठाय माझा? फोन!

अक्काताई : देवळीत हाय बघ. रेडकाचं काय झालं?

रुचिता : वाजतोय.

अक्काताई : रुचिता, रेडकाचं काय झालं म्हंतो मी?

रुचिता : गेलं. ...उचलत नाही ओ ही.

अक्काताई : परत लाव. ती फोन ट्रंकंवर ठिवती आणि चुलीपाशी जाऊन बसती. म्हंजे आता चुलीपाशी... अरिहंता! किती वाजलं?

रुचिता : उन्हं कलली की. ह्यांना लावू का फोन, सम्मेदना? ते तर गाडी घेऊन सामानाला गेलेत, मार्केटात अडकले असतील. मी रिक्षा बघते.

अक्काताई : थांब, मी येतो.

रुचिता : तुम्ही कुठं येता? सोवळ्यात आहात. उद्याचं धान्य निवडायचंय, पाणी भरायचंय.

अक्काताई : मोडू दे सोवळं. परत आंघोळ करीन. तिच्या पोरांच्या पोटात ते गेल्यावर मी कसली धान्यं निवडत बसू? चप्पल दे माझी. न्हाय सापडली तर ऱ्हाऊ दे, चल.

रुचिता : दादा, कसबा बावडा. जरा जोरात घ्या, जिवावरचं काम आहे. आत्ती, नीट बसा. धरा इथं.

अक्काताई : परत लाव की फोन.

रुचिता : लावतेच आहे. वाजून वाजून बंद होतोय.

अक्काताई : लगीन झाल्यापासनं जमिनीखालचं काय तोंडात घातलं न्हाय मी. का, तर त्यात लई जीव. पावसाळ्यात पाऊलसुदिक बघून टाकतो. आणि आज माझ्याच हातानं, एका घरात, पोराबाळांच्या ताटात... ह्यो कसला धरम पाळला मी?

रुचिता : अजून काही झालेलं नाही. रडू नका.

अक्काताई : रडत न्हाय. वारं लागालंय डोळ्याला.

रुचिता : मला एक सांगा. मला का नाही विचारलंत?

अक्काताई : तू शाळेत हुतीस.

रुचिता : फोन करायचा. नाहीतर दुपारी मी आले तेव्हा तोंडावर विचारायचं, हे काय आहे म्हणून. एरवी दुधात पाणी किती घातलं तेसुद्धा विचारता. आज गप्प राहिलात. चार तास माझ्यासमोर वावरलात आणि मनात धरून ठेवलंत, सून चोरून कांदा खाते.

अक्काताई : हळू बोल, रिक्षावाला ऐकालाय.

रुचिता : ऐकू दे. का नाही विचारलंत?

अक्काताई : विचारलं असतं आणि तू व्हय म्हणाली असतीस तर?

रुचिता : तर काय?

अक्काताई : तर तुझ्या हातचं मला जेवता आलं नसतं. माझा नेम हाय. आणि तुझ्या हातचंच तर जेवतो की मी रोज. उद्यापास्नं कुणाच्या हातचं जेवू? म्हणून म्हटलं, विचारूच नगं. वस्तू घरातनं गेली की इषय संपला.

रुचिता : आत्ती, पदर सावरा. चाकात जाईल.

अक्काताई : पदर ऱ्हाऊ दे. शिव्या तरी दे.

रुचिता : फोन! तिचाच आहे! हॅलो! बायडाबाई! थांबा, स्पीकरवर टाकते.

बायडाबाई : काय ओ वैनी, फोनवर फोन? घरात पावणं हाईत, पिठलं हाटालोय. बोला बिगीबिगी.

रुचिता : खाल्लं का? कुणी खाल्लं का त्यातलं?

बायडाबाई : आँ? कशातलं?

अक्काताई : बायडे, कांदं! मी दिलेलं कांदं शिजवलीस काय?

बायडाबाई : अक्का, तुमी तर बोलूच नका माझ्यासंगं.

अक्काताई : का गं? कोण पडलंय काय? पोरं बरी हाईत न्हवं?

बायडाबाई : पोरांना काय धाड भरली? आब गेली माझी! भावजयीला कौतुकानं दावलं, आमच्या अक्कानं दिल्यात म्हणून. एक चिरला, तर आत नुसता चिकट चीक. वास न्हाई, डोळ्याला टिपूस न्हाई. वर हात खाजाय लागलं. भावजय म्हंती, वन्सं, तुमच्या मालकिणीनं नासका माल गळ्यात मारला की! मी म्हटलं, चुकी माझीच, जैनाच्या घरातनं कांदा आणाय गेलतो.

रुचिता : म्हणजे कुणाच्या पोटात नाही गेला?

बायडाबाई : जातोय कसला? सगळं परड्यात भिरकावलं आणि दुकानातनं नवं आणलं.

रुचिता : विळी धुतलीत?

बायडाबाई : धुतली की. असं काय विचारालाईसा? काय हाय काय त्यात?

अक्काताई : बायडे, ते इख हुतं.

बायडाबाई : काय म्हंता?

अक्काताई : इख. मला म्हाईत न्हवतं, पर तुझ्या हातावर ठिवलं मीच. तुझ्या पावण्यारावळ्यांना, लेकरांना...

बायडाबाई : अगं आई गं! ...म्हंजे नासकं न्हवतं व्हय?

अक्काताई : न्हवतं.

बायडाबाई : मग जरा भावजयीला सांगा हे. म्हंजे इख सांगू नका. नासकं न्हवतं, एवढंच सांगा.

अक्काताई : मी येतोच हाय तुझ्या दारात. काय सांगायचं ते हात जोडून सांगतो.

बायडाबाई : या की. पर जेवा म्हणणार न्हाई. पिठल्यात कांदा हाय.

(मे महिना. गच्ची. कडेला ओळीनं तेलाचे डबे, एक रंगाची बादली.)

रुचिता : आत्ती, परत उकरताय?

अक्काताई : उकरत न्हाय. नखानं जरा माती बाजूला करालोय.

रुचिता : त्यालाच उकरणं म्हणतात. सकाळी एकदा, आता एकदा. दम धरा की जरा. चार डबे लाल झालेत, ते बघा.

अक्काताई : परड्यातनं येचून आणलेलं ते चार धड हुतं, ते येणारच. मला ह्याचा घोर लागलाय. मी दिलं म्हणून चिरला ह्यो. तुझ्या अप्पांचा सगळ्यात मोठा गड्डा, म्हणाली हुतीस तू.

बायडाबाई : आणि चिरला मी. माझं नाव का घेईनासा? माझ्या दारातल्या पत्र्याच्या डब्यात दुसरी फोड हाय की. रोज दोन तांबे घालतोय.

रुचिता : रोज दोन तांबे? कुजेल ते! म्हणून सांगितलं होतं ना, बुडाला भोक पाडा, भोकावर खापरी ठेवा, निम्मी वाळू घाला. गड्ड्याची मान मातीच्या वर ठेवा आणि पाणी माती वाळल्यावरच.

बायडाबाई : भोक पाडलंय ओ. पाणी घातलं की खालनं पळतंय. म्हणून तर दोन तांबे.

अक्काताई : रुचिता, खरं सांग. चिरलेला जगतोय का? का माझी समजूत घालालीस?

रुचिता : अप्पा सांगायचे, खालची चकती शाबूत असली की फोडीतनंसुद्धा फुटवा येतो. म्हणून तर दोन्ही फोडींना चकती आली का ते बघून, राख लावून पुरल्या. एकदा आमचं क्वार्टर बदललं तेव्हा एक डबा जुन्या माळ्यावर राहिला. वर्षभर पाण्याचा थेंब नाही, उजेड नाही. माती नुसती दगड. अप्पांनी आणून उन्हात ठेवला, एक तांब्या पाणी घातलं. महिन्यात फूल! अप्पा एरवी कुणाची स्तुती करायचे नाहीत. त्या डब्याला मात्र म्हणाले, शाब्बास.

बायडाबाई : वैनी, हिकडं या. ह्यो बादलीत हिरवा ठिपका कसला? तण हाय काय? उपटू?

रुचिता : थांबा! हात लावू नका! ...आत्ती, बघा.

अक्काताई : माझा चष्मा खाली ऱ्हायला. काय हाय?

रुचिता : वाका जरा. मी माती सारते. चिरलेल्या कडेला. एक कोंब... दुसरा पण आहे, बारका. एकाचे दोन झाले.

अक्काताई : जीव हाय म्हंतीस?

रुचिता : दोन आहेत.

बायडाबाई : अक्का, आता का रडालाईसा? आलं की वर!

अक्काताई : जा गं तू. घरी जाऊन तुझा डबा बघ आधी. आणि पाणी कमी घाल, बुडवून मारशील.

बायडाबाई : जातो, जातो. माझ्यात तीन आलं तर बोलू नका मग!

रुचिता : गेली. ...आत्ती, फूल मात्र ह्याला लगेच नाही यायचं. दोन-तीन वर्षं जातील.

अक्काताई : जाऊ देत. आपण कुठं चाललोय?

रुचिता : आत्ती, तुमचं एक विचारायचं राहिलंय.

अक्काताई : माझं? काय?

रुचिता : त्या दिवशी रिक्षात म्हणालात ते. विचारा आता. मी खरं तेच सांगेन.

अक्काताई : आता कशाला ते?

रुचिता : मला रोज टोचतं म्हणून. तुम्ही विचारत नाही आणि मी सांगत नाही. विचारा की.

अक्काताई : ...खातीस?

रुचिता : घरात कधीच नाही. बाहेर, कधीतरी. शाळेतल्या बायकांबरोबर मिसळ खाते, त्यावर.

अक्काताई : कच्चा?

रुचिता : कच्चा.

अक्काताई : कंदाला हात लावलाईस मघाशी. साबणानं धू, दोनदा. आणि खाली चल, मला वाढ. दिवस मावळायच्या आत जेवू दे.