शेपटी ओळखणारं प्रथिन

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. योगिनी मॅडम, व्यासपीठावरील संचालक यशवंतराव साहेब, दीक्षाताईचे सर्व सहकारी, आणि तिसऱ्या रांगेत पदर सावरत बसलेली आमची आई सोजरबाई, आपणा सर्वांना सविनय जय भीम आणि नमस्कार.

मी समाधान, ताईचा धाकटा भाऊ. घरच्यांच्या वतीने बोल, असं मॅडमनी सांगितलं. माझं शिक्षण बारावीच्या अलीकडेच थांबलं. निघोज्यात वेल्डिंग, चाकणला पॅकिंग, मध्येच एका ट्रकवाल्यासोबत थेट गुवाहाटी. तिथला चहा... असो, तो विषय वेगळा.

ताई इथं नेमकं काय करते, हे मला कळलं ते एकदा जेवताना. ती ताटावर नुसती बसून होती. एका प्रथिनाला पेशीतल्या पेरॉक्सिझोम नावाच्या बारीक पिशवीत जायचं होतं. ते दिसावं म्हणून तिने त्याला दुसरं, चमकणारं प्रथिन जोडलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके दिसायला हवे होते. दिसत होती सगळीकडे पसरलेली हिरवी झाक. मी म्हणालो, पत्ता चुकला असेल. हल्ली मी डिलिव्हरी करतो, पुनावळ्यात तर रोजच चुकतो.

ती म्हणाली, "पत्ता वरून चिकटवलेला नसतो रे. त्याच्या अंगातच असतो."

मग समजावलं. या प्रथिनाला शेवटी एक बारीक शेपटी असते. ती ओळखणारं दुसरं प्रथिन असतं. त्याच्या एका भागात, त्याला डोमेन म्हणतात, बरोबर त्या शेपटीच्या मापाची खोबण असते. शेपटी खोबणीत बसली, की ते दुसरं प्रथिन ह्याला पिशवीपाशी नेतं. सांगता सांगता ताई थांबली. चमकणारं प्रथिन तिने नेमकं शेपटीलाच जोडलं होतं. दिसावं म्हणून जे लावलं, त्यानेच ओळख झाकली होती! पुढच्या खेपेला तिने ते डोक्याकडे जोडलं, आणि पेशीभर ठिपके उमटले. त्याच कामावर तिला जर्मनीत संशोधनाची जागा मिळाली.

आईने मात्र एवढंच धरून ठेवलं. म्हणाली, "म्हंजी तितं वळखणारं कुणीतरी पायजे. मग तुला कोण वळखणार?" ताई म्हणाली, कामावरून ओळखतील. आई म्हणाली, "काम दिसायला आधी दारात तरी घ्यायला पायजेत."

तेव्हापासून आई हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तिकीट बुधवारचं आहे. आई नाही म्हणाली तर जाणार नाही, असं ताईने मला सांगून ठेवलंय. आणि मंडळी, आईचा प्रश्न खुळा आहे का? मी इतकी गावं बदलली, कुठंच टिकलो नाही. कुठंच मला ओळखणारं कुणी नव्हतं, म्हणूनही असेल.

काल योगिनी मॅडम आमच्या घरी आल्या. इथं पूर्वी काम केलेल्या पूनमताई जर्मनीत ताई जाणार त्याच गावात आहेत, त्यांना व्हिडिओ कॉल लावून दिला. आईने आधी ज्वारीचं पीठ मिळतं का विचारलं. मग म्हणाली, "हिला घ्यायला येशील का?"

पूनमताई म्हणाल्या, "काकू, मला घ्यायला कुणी आलं नव्हतं. मी येणार."

आईने फोन मॅडमच्या हातात दिला आणि भांडी घासायला गेली. म्हणून आई, आता या सगळ्यांसमोरच विचारतो. बुधवारचं काय करायचं?

मागे ऐकू आलं का? ती म्हणतेय, गाडी मोठी सांग, मलापण विमानतळापर्यंत यायचंय.

मॅडम, साहेब, तुम्ही माझ्या ताईला जीव लावलात, आमचं घर तुमचं ऋणी आहे. बोलण्याच्या नादात मी भलतीकडेही फिरून आलो, धाकटा समजून तेवढं सोडून द्या. आता बसतो. गाडी सांगायचीय.