हाटेलाच्या कॉलेजाचा हिशेब

—व्हय व्हय, मीच बयाबाई, मीच कृष्णाताची आई, ह्या खानावळीत एवढ्या मोठ्या तोंडाची दुसरी कोण असणार? त्येच्या वर्गातला म्हणालास न्हवं? मग असा गटारीच्या कडंला कशाला उभा, आत ये की! रातच्या गाडीनं आलास वाटतं — डोळं बघ कसं झाल्यात, इंगळावानी. बस त्या बाकड्यावर. न्हाय? बरं, उभा ऱ्हा. मुंबैला शिकलेल्यांच्या पँटी मळत्यात, ठावं हाय आम्हाला. आक्का, पावण्याला पाण्याचा तांब्या आण गं — ही आक्का, माझी नणंद, कृष्णाताची आत्या, चुलीपुढनं हालायची न्हाय — आणि ताट कर त्येला. काय? नको? जेवान नको ते नको, पाणी सुदिक नको? का रं बाबा, तांब्या चकचकत न्हाय म्हणून? तिथं हाटेलात गिलास पुसायला येगळं फडकं आणि फडकं धरायला येगळा माणूस असतोय म्हणं, कृष्णातच सांगत हुता. इथं सगळं मीच हाय, फडकं बी मी आणि माणूस बी मी. असू दे, तांब्या तिथं उंबऱ्यावर ठेवतीया. तहान लागली की घे.

बरं झालं पण तू आलास. कुणाला तरी गचांडीला धरून एकदा इचारायचंच हुतं मला. कृष्णाताला इचारलं तर तो हसतोय — बापावर गेलाय, कामाचं इचारलं की हसायचं. तू सांग, तू आत शिरून बघिटलंयस — ह्या शिकण्यात काय राम हाय का? तीन वर्सं. वर्साला दोन हजार — फी, खोली, खाणं, वर पांढरी टोपी, कोट, बूट, आणि सुऱ्या. कांदा चिरायची येगळी, मासळीची येगळी, पावाची येगळी. मी म्हटलं, लेका, रयपाक शिकायला चाललायस का मुडदं पाडायला? दोन म्हशी गेल्या त्यात. नवऱ्यानं मागं ठेवलेला दोन गुंठ्याचा तुकडा हुता, तो गेला. आणि सुटून हाटेलात लागल्यावर हातात किती — चारशे. चारशेच न्हवं? मान हालीव नुस्ती. हां. तेच म्हणते मी. साखर कारखान्यातला चौथी पास गडी त्यापेक्षा जास्त आणतोय, वर दिवाळीला बोनस, वर साखर. चारशेतनं मुंबैला खोलीचं भाडं गेलं की ऱ्हायलं काय? माझा मनिआर्डरीचा चाळीस रुपयाचा मान. हे गणपतराव बसल्यात बघ कोपऱ्यात — मार्केटात दिवाणजी हाईत, गुळाच्या ढेपेपासनं माणसापर्यंत सगळ्याची किंमत करत्यात — ते पयल्या दिवशी म्हणले, बयाबाई, तेवढ्या पैशात खानावळीवर माडी चढली असती. खोटं न्हाय. मला काय मोजता येत न्हाय व्हय? चौथी शिकलीया मी बी.

पण आता बोलतीया तर सांगते. माझ्या सासऱ्यानं लोकांच्या लग्नात पंगती उठवल्या, नवऱ्यानं उठवल्या. पाचपाचशे माणूस जेवून ढेकर द्यायचं, आणि संध्याकाळी आचाऱ्याला पैसं कुठनं? मागच्या दारानं. खरकट्याच्या ढिगापाशी उभं करून. मी बघिटलंय की, कृष्णाताला काखंला मारून मी बी तिथंच उभी असायची. मग पोरगं एक दिवस फोटू घेऊन आलं — डोक्यावर ती उंच टोपी, हात मागं बांधलेलं, जसा काय कलेक्टर. म्हणाला, आये, आम्ही पुढच्या दारानं जातो. झालं. त्यासाठी गेल्या म्हशी. तिथं भितीवर फोटू लावलाय बघ, धुरानं काळा झालाय, पण येणाऱ्याजाणाऱ्याला मी दावतीया. त्येच्या तोंडावर मात्र शिव्या घालते हं! ह्या दिवाळीला आला तर म्हटलं, आलं बघा चारशेचं साहेब. रुमालाचा बदक करून दावला त्येनं आक्काला. आक्का लुगड्यात तोंड घालून हसली, आणि तो बदक अजून तिनं मोडला न्हाय.

तू काय बोलंना झालास. मी बोलू देत न्हाय म्हणून? बोलशील रं, घाई काय हाय. आधी मला सांगू दे. बोटीवर लागलं की हजारानं मिळतंय म्हणाला हुता. तेवढंच सांगायला धाडलं काय त्येनं तुला? गेला व्हय बोटीवर, आईला न सांगता? गेला असंल तर गेला. शिव्या घालीन आणि गप बशीन.

ए, तुम्हा जेवणाऱ्यांना काय झालं रं? मगाधरनं बघतीया, एकाच्या बी तोंडाचा आवाज न्हाय. भाकरी अडकली व्हय घशात? ह्यो पावणा मुंबैचा हाय, त्येला काय बघायचंय असं टकामका? आणि गणपतराव, तुम्ही का उठला? अवं भरल्या ताटावरनं? अर्धी भाकरी तशीच, आणि ताटात पाणी वतलंसा? वीस वर्सांत कधी रस्सा सोडला न्हाय तुम्ही, शेवटची बोटं सुदिक... काय वो? माझ्याकडं बघा की. खाली काय बघताय?

तुझं गाव कंचं रं पोरा?

कागल. कागलात कुठं — गावातच? म्हंजे आमच्यातलाच की तू. मी उगंच मुंबैचा मुंबैचा म्हणून टोचायला लागलीया.

कागलचा.

मग तुला ठावं असंल. तुझ्या आईनं सांगितलंच असंल. आपल्याकडं वैरी दारात आला तरी पाणी पितोय. वसुलीचा शिपाई पितोय, सोयरीक मोडायला आलेला पितोय. कोण पीत न्हाय सांग बघू? मातीचा, मयताचा सांगावा आणणारा. तेवढा एकच उंबऱ्याभाईर उभा ऱ्हातोय, आणि त्या घरचं पाणी तोंडाला लावत न्हाय. मुंबैत ऱ्हाऊन इसरला असशील तू. इसरलास न्हवं? शिकलेली पोरं असलं काय मानत न्हाईत.

थांब. बोलू नकोस म्हटलं न्हवं! मी सांगते काय झालंय ते. नोकरी गेली त्येची. साहेबाला उलटून बोलला असंल, जीभ माझीच हाय त्येची. गेली तर गेली, चारशेची काय नोकरी! यायचं घरला, बसायचं गल्ल्यावर. न्हाय? मग पोरगी घेऊन पळाला. कंच्या जातीची इचारणार न्हाय मी, घेऊन ये म्हणावं. ते बी न्हाय? चोरी केली? सांग, चोरी केली असंल तर मी जाती मुंबैला, साहेबाच्या पाया पडती, मी कधी कुणाच्या पाया पडली न्हाय पण पडती. भाजला काय? तिथं गॅसच्या त्या मोठ्या शेगड्या असत्यात, तो म्हणायचा, आये, आवाज येतोय वाघावानी — हात भाजला? दोन्ही? तोंड भाजलं? असू दे. दावाखान्यात हाय न्हवं? काय बी झालं असलं तरी चालतंय मला, बिनहाताचा आला तरी मी भरवीन. कुणाला बोलले न्हाय आजवर, तुला सांगते — दरवर्सी परीक्षा आली की मी अंबाबाईला म्हणायची, नापास होऊन येऊ दे गं त्येला घरला. माझ्या म्हशी बुडाल्या तर बुडू देत.

हे धर. तांब्या धर. माझ्या हातनं घे. एक घोट, लेकरा. घसा ओला कर नुस्ता, मग काय वाट्टंल ते सांग, मी ऐकती. एका घोटानं तुझं काय जातंय? माझ्याकडं बघून घे. आई म्हणून घे.

असा रडू नकोस रस्त्यावर.

बरं.

आक्का, चूल इझीव. कालवण उतरू नको, तसंच ऱ्हाऊ दे. इझीव म्हणते न्हवं, माझ्या तोंडाकडं काय बघतीयास! उठा रं सगळी. पैसं नकोत कुणाचं. हात भाईर नळावर धुवा, आणि जावा. गणपतराव, तुम्ही बी जावा. जावा म्हटलं न्हवं!

तू न्हाय. तू थांब.

आता बोल.