वाघबारशीला गेणू ‘येणार’ म्हणाला

सारजाबाई : न्हाई म्हंजे न्हाई! गाय द्यायची न्हाई. बस तितंच उखळापाशी. पुढं पाय टाकू नगंस.

(कार्ल्याच्या डोंगरावरची कोळ्यांची वाडी, आगगाडीला कोळसा लागायचा तेव्हाची. वाघबारशीच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ, धुकं. गोठ्याच्या दारात सारजाबाई कमरेवर हात ठेवून उभी, तिच्या पाठीमागं तिचा नवरा गेणू, आणि अंगणात वाघ. वाघ खरा आहे. शंका असेल त्यानं पुढं होऊन हात लावून बघावा.)

वाघ : बाई, ओरडू नका. मला मोठा आवाज सोसत नाही. घाटात गाडी शिट्टी मारते तेव्हासुद्धा मी पंज्यात तोंड खुपसतो.

सारजाबाई : येवढा नाजूक हाईस, तर आलास कशाला?

वाघ : बोलावलंत म्हणून. दर वाघबारशीला तुमचे गुराखी एका माणसाला वाघ करतात, खीर चारतात आणि विचारतात, ‘पुन्हा आमच्या शिवेत येशील का?’ तो म्हणतो ‘नाही येणार’. मग शेणाचे गोळे मारून त्याला हाकलतात. त्याचा शब्द तो माझा शब्द. वर्षभर मी वरचं रान सोडत नाही. काल मात्र तो म्हणाला, ‘येणार! शंभरदा येणार!’

सारजाबाई : कोन म्हनला?

वाघ : तुमच्या पदराआड आहेत ते.

सारजाबाई : अवं!

गेणू : अगं, दरसाल मलाच वाघ करत्यात. खीर वाटीभर आन् शेनाचं गोळं पाटीभर. काल दत्तोबा गुराख्यानं इचारलं आन् माजं डोस्कं सटाकलं. म्हनलं, का न्हाई येनार? ह्यो डोंगर काय तुज्या बापाचा हाय?

वाघ : अगदी माझ्या मनातलं बोलले. ऐकून डोळे भरून आले माझे.

सारजाबाई : आन् ह्यांच्या डोस्क्यापायी माजी मोरी जायाची? गाभन हाय ती. वासरू व्हती तवापास्नं माज्या हातची पेज खाऊन वाढलीया.

गेणू : वाघोबा, खीर म्या खाल्ली. मला न्या.

वाघ : तुम्हाला अजून शेणाचा वास येतोय.

सारजाबाई : गप बसा तुमी. वाघोबा, खरं सांग. तुला खायाची हाय का माजी गाय?

वाघ : खरं सांगू? मला तिच्या डोळ्यांकडं बघवत नाही. पण शिवेत शिरलेल्या वाघानं जनावर न्यायचं, असा नेम आहे. रिकाम्या तोंडानं परतलो तर वाघजाई देवी विचारील.

सारजाबाई : नेम कुनी केला?

वाघ : तुमच्या वाडवडलांनी. माझ्या वाडवडलांशी.

सारजाबाई : ते गेलं. मी हाय. नेम मी मोडला, जा सांग. म्हनावं, सारजाबाई दारातनं हलली न्हाई. राग आला तर देवीनं खाली यावं, मी हितंच हाय.

गेणू : अगं, देवीला असं...

सारजाबाई : देवी बाईच हाय न्हवं? गाभन गाईचं तिला कळंल.

वाघ : बाई, आजवर मला बघून जो तो पळाला. तोंडावर ‘नाही’ कुणी म्हणालं नव्हतं.

सारजाबाई : आता म्हनलं. काय करनार हाईस?

वाघ : ते मला कुणी शिकवलेलं नाही. डरकाळी फोडू का?

सारजाबाई : फोड. मोरी दचाकली तर मग बग.

वाघ : राहू दे मग.

गेणू : सारजे... दावं सुटलं.

सारजाबाई : सुटलं कसं?

गेणू : आधाराला म्हून गाठ धरली व्हती. ती वडली गेली, आन्...

सारजाबाई : मोरे, माघारी फिर! वाघोबा, हलशील तर शपत हाय.

वाघ : मी हललो नाही. तीच येतेय. बाई, ती थांबत नाही! धरा तिला!

गेणू : धरू कशी? तुमच्याम्होरं जाऊन हुबी ऱ्हायली की.

वाघ : बाई... हिनं माझं कपाळ चाटलं. आता मी काय करायचं?

सारजाबाई : उगं बस. मान चाटायची ऱ्हायलीया अजून.