मामाच्या कंप्युटरातलं कुंकू

आरं, आमच्या बंडूमामाचं गंगाखेडला फ्लेक्सचं दुकान हाय ना, तिथली गंमत ऐका. मामा दर दसऱ्याला कंप्युटरच्या डब्ब्यावर हळदकुंकू वाहतेत, आन् निम्मं जाळीतून आत जातंय. मी लय बार म्हणलो, "मामा, एकदा उघडून साफ करा की."

"चालायलंय ना? मंग कशाला उघडायचं!"

आन् एक दिवस ऐन टायमाला बंद पडलं. समोर गणपतअण्णा, दर इलेक्शनला पडणारे, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात. संध्याकाळी त्यांचाच वाढदिवस आन् बॅनर छापायचं बाकी. मामानं घाईघाईनं कंप्युटरला उदबत्ती लावली.

अण्णा भडकले, "बंडू, मला बॅनर पायजे, आरती न्हाई!"

मंग मी शेजारच्या गॅरेजातून हवा मारायचं ब्लोअर आणलो. मामानं डब्बा उघडला. मी म्हणलो, "अण्णा, जरा जवळ येऊन बघा, किती घाण हाय." अण्णा वाकले आन् मी बटन दाबलो.

साऱ्या दसऱ्यांचं कुंकू एकदम भाईर! अण्णा डोक्यापासून चपलेपर्यंत लालेलाल. पण कंप्युटर चालू झालं, बॅनर बी छापलं. अण्णा तसेच बॅनर काखंत मारून निघाले, तर रस्त्यात दिसंल तो हात मिळवायलाय, "अभिनंदन अण्णा! कशात निवडून आलात?"

मामा दारातून मला म्हणतेत, "बघ! मी टायमावर साफसफाई केली असती, तर ह्यो माणूस जन्मात निवडून आला असता का?"